माझ्या नाकाकडे बघा

माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, बावीस वर्षांत माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. यात त्यांचा सभ्यपणा होता असं गावात म्हणत. मला त्यात सभ्यपणा कधीच दिसला नाही. सासूबाईंचं माहेर झाईचं, अगदी गुजरातच्या वेशीवरचं. तिथून येताना त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर जेठाची लाजही आणली. धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर पदर ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याला हात लावायचा तर प्रश्नच नाही. त्यानेही तिच्याकडे बघायचं नाही. आमच्या गावात, सायवनात, बाकी कुठल्या घरात हे थेर नव्हते. शेजारच्या सुना खळ्यावर दिरांशी भांडायच्या, हसायच्या, एकाच तांब्यातून पाणी प्यायच्या. आमच्याच घरात ही मिजास. सासूबाई गेल्या, पण रीत राहिली, कारण जेठांना ती सोयीची होती. ज्या बाईकडे बघायचंच नाही तिला उत्तरही द्यावं लागत नाही.

मी तलासरीकडे एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. लग्न झालं त्या वर्षी मी सुचवलं होतं, रविवारी सायवनला आले की ओटीवर दोन तास रोगी तपासत जाईन. जेठ भिंतीकडे बघत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, घराचा दवाखाना नको." मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. दुसऱ्या दिवशी ओटीवर युरियाच्या गोण्या रचल्या गेल्या आणि त्यानंतर ती जागा कधी रिकामी झाली नाही. गावातलं कुणी ताप घेऊन दारात आलंच तर ते सांगायचे, ती इथे सुट्टीवर असते. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या दोघांमधला पोस्टमन म्हणून त्याने उभी हयात काढली. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे, आणि वाटेत स्वतःचं एक अक्षरही घालायचं नाही.

आता चक्कर या शब्दाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमच्याकडे रोगी येतो आणि म्हणतो, चकर येते. उपाशी राहिलेला चकर म्हणतो, रक्त कमी असलेली बाई चकर म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी आलेला चकर म्हणतो आणि ज्याच्याभोवती अख्खं घर गरगर फिरतंय तोही चकरच म्हणतो. मग केसपेपरवर चक्कर लिहायचं आणि सलाईन लावायचं. सलाईन लावलं की नातेवाईक खूश. मीही कित्येक वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा मी मागच्या रांगेत कपाळाला आठ्या घालून बसले होते. शिकवणारा डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने पडद्यावर नुसते डोळे दाखवले. म्हणाला, गरगर थांबतच नाही, उलट्या होतायत, चालता येत नाही, असा रोगी आला की यंत्राच्या आधी डोळे बघा. बुबुळं आपोआप एका बाजूला सरकतात आणि झटक्याने परत येतात. ती नेहमी एकाच दिशेला उडत असतील तर बहुतेक कानाचं दुखणं. पण डावीकडे बघताना डावीकडे आणि उजवीकडे बघताना उजवीकडे उडत असतील तर मेंदूचा संशय धरायचा. मग एकेक डोळा झाकून बघायचं, दुसरा वरखाली हलतो का; हलला तर तोही मेंदूचाच संशय. आणि तिसरी गोष्ट, रोग्याचं डोकं दोन्ही हातांत धरायचं, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं आणि डोकं पटकन जरासं एका बाजूला वळवायचं. कान बिघडलेला असेल तर डोळे डोक्याबरोबर घसरतात आणि मग उडी मारून परत नाकावर येतात. ते घसरणं म्हणजे चांगली बातमी. डोळे नाकावरून हललेच नाहीत तर घाबरायचं.

मी हात वर करून विचारलं, तुम्ही उलटं तर बोलत नाही ना? तो हसला. म्हणाला, सगळे हेच विचारतात. डोळे नाकावर राहिले म्हणजे कान शाबूत आहे. कान शाबूत आहे आणि तरी जग फिरतंय, तर ते फिरवतंय कोण? मेंदू. म्हणून या एका तपासणीत नॉर्मल आलं की रोग्याला पळवायचं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका पाड्यावरून एका मजूर बाईला चौघांनी झोळीत घालून आणलं. मी तिचं डोकं वळवलं, डोळे घसरले, उडी मारून परत आले. मी सांगितलं, कानाचं आहे, घाबरू नका, बरी होईल. सलाईन न लावता गोळ्या दिल्या म्हणून तिच्या माणसांनी मला शिव्या घातल्या. आठवड्याने ती स्वतःच्या पायांनी चालत आली. तेव्हापासून मला गर्व चढला. गर्व चढला की मी फार कमी बोलते आणि त्याहून कमी लिहिते.

जेठांना झालं ते दिवाळीनंतरच्या एका रविवारी. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मी चुलीपाशी नाचणीच्या भाकऱ्या थापत होते, कारण सायवनात मी डॉक्टर नसते, भाकऱ्या थापणारी असते. अकराच्या सुमाराला जाऊबाईंची हाक ऐकू आली. बाहेर जाऊन बघते तर जेठ पेंढ्यावर आडवे, डोळे घट्ट मिटलेले, बाजूला उलटी. हातातला भारा तसाच पडलेला. उठवून बसवलं तर डावीकडे कलंडत होते. कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी हळूच म्हणालं, सकाळची ताडी चढली. जाऊबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "एखादं इंजेक्शन देऊन टाक ना."

टाक म्हणे. मी म्हटलं, काय होतंय ते त्यांना नीट विचार. निरोप गेला, निरोप आला. घर फिरतंय, खळं फिरतंय, डोळे उघडले की जास्त, आणि थांबत नाही. रक्तदाब बघायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं, ते नवऱ्याच्या हाताने लावून घेतलं. वाढलेला होता. मग मी पदर कमरेला खोचला आणि जेठांसमोर उकिडवी बसले. मी हात पुढे केले तशी जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

"जेठाला हात लावतेस?"

जेठांनी तोंड फिरवलं. गरगर एवढी की त्या फिरवण्यानेही त्यांना पुन्हा उलटी झाली, पण तोंड फिरवायचं त्यांनी सोडलं नाही. उलटी झाल्यावर नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, हात नको लावू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षांचा निरोप्यांचा खेळ, गोण्या, भिंतीकडे बघून बोलणं, सगळं एकदम वर आलं. मी जाऊबाईंचा हात झटकला, जेठांचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले. "माझ्या नाकाकडे बघा."

त्यांनी बघितलं. दुसरा इलाजच नव्हता, डोकं माझ्या हातात होतं. सासूबाई माझ्या नाकाला फार लांब म्हणायच्या. त्या दिवशी ते कामाला आलं. आधी बुबुळं बघितली. डावीकडे बघायला सांगितलं तर डावीकडे उडत होती, उजवीकडे सांगितलं तर उजवीकडे.  मग मान सैल व्हावी म्हणून डोकं दोन-तीनदा हळू हलवलं आणि पटकन वळवलं. डोळे नाकावर. दुसऱ्या बाजूला वळवलं. डोळे नाकावर. जराही घसरले नाहीत. एकेक डोळा झाकून बघितला, पण ते पापण्या मिटून घेत होते, ते काही मला नीट दिसलं नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. डोळे नाकावर राहिले तेव्हा भीती वाटायच्या आधी, अगदी एखाद्या श्वासापुरतं, मला बरं वाटलं. हा माणूस आता माझ्या हातात आहे, असं वाटलं.

मी नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वापीला न्या, मेंदूचा फोटो काढायला लागेल. तिथल्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत, आमच्या धंद्यातल्या आखूड अक्षरांत, चार ओळी. डोकं वळवून केलेल्या तपासणीपुढे लिहिलं, नॉर्मल. ज्याला कळायचं त्याला तेवढं पुरे होतं. घरच्यांना बसवून समजावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात कोंबली. जेठांना त्यांच्याच जीपमध्ये मागे झोपवलं, जाऊबाई पायांशी बसल्या, नवरा पुढे गाडी चालवायला. मी पुढचं दार उघडलं आणि एक पाय आत ठेवला. मागून जेठांचा आवाज आला, "तिला सांग, यायची गरज नाय."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. निरोप द्यायचीही गरज नव्हती. मी पाय बाहेर काढला, दार एवढ्या जोरात आपटलं की काच खडखडली, आणि चुलीपाशी जाऊन बसले. मरा, असं मनात म्हटलं. शब्द हाच होता.

बाराला जीप निघून गेल्यावर मी कितीतरी भाकऱ्या करपवल्या. दर वीस मिनिटांनी घड्याळ बघत होते. आता कासा, आता चारोटी, आता तलासरी, आता वापी. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असली तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, त्यानंतर देत नाहीत. अकराला सुरू झालं. म्हणजे साडेतीन. दोनपर्यंत पोचले तर पुष्कळ वेळ आहे, असा हिशोब मी मांडत होते. फोन मात्र केला नाही. ज्यांना मी गाडीत नको होते त्यांना मी फोनवर कशाला हवी असेन.

अडीचला नवऱ्याचाच फोन आला. आवाज अगदी निवांत. म्हणाला, चारोटीला आहोत, दादाला आता जरा बरं आहे, पडून राहिला की उलटी होत नाही, वहिनीने लिंबूसोडा पाजला, थोडं खाऊनही घेतलं, आता घरीच वळतोय.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चारोटीला? एकला पोचून दीड तास तिथेच? मी विचारलं, चालतायत का ते? म्हणाला, नाही, त्याला चालवत नाही अजून, पण चिठ्ठी बघितली आम्ही. दादाने मागून घेतली. त्यात तू स्वतःच लिहिलंयस ना, नॉर्मल म्हणून.

त्या चार ओळींत त्यांना वाचता आला असा तेवढा एकच शब्द होता. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही दवाखान्याच्या दारात जाऊन उभं राहा. आतून नॉर्मल हा शब्द आला की लोक देवाला हात जोडतात, कागद घडी करून खिशात ठेवतात आणि गाडीला किक मारतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज बघते. मी चिठ्ठी डॉक्टरसाठी लिहिली आणि ती आधी वाचणार कोण याचा विचार केला नाही, कारण वाचणाऱ्यांवर माझा राग होता.

मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. नवरा चाचरला, म्हणे मी सांगतो ना त्याला. मी ओरडले, "तू काही सांगू नकोस. कानाला लाव."

पलीकडे श्वास ऐकू आला. मी म्हटलं, माझ्या तपासणीत नॉर्मल म्हणजे नापास. डोकं वळवलं तेव्हा तुमचे डोळे माझ्या नाकावरून घसरले असते तर मी तुम्हाला गोळी देऊन घरात झोपवलं असतं. ते घसरले नाहीत. म्हणजे कान नाही, मेंदू आहे. आता वळलात तर पुन्हा खळ्यावर उभे राहणार नाही.

 मागे हायवेवरच्या ट्रकांचे आवाज येत होते. मग त्यांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. "घसरले नाय का?"

"नाही," मी म्हटलं.

जीप वापीला गेली. आमची गाडी दारात होती, ती घेऊन मीही सुटले. पोचले तोवर जेठांचा मेंदूचा साधा फोटो, सीटी, काढून झाला होता आणि तो, अर्थातच, नॉर्मल होता. जाऊबाई पिशव्या आवरत होत्या. तिथला पोरगेला डॉक्टर हिंदीत मला सांगायला लागला, ॲसिडिटी होगी, उमर भी है. मी माझी ओळख सांगितली. म्हटलं, अशा झटक्यात सुरुवातीला सीटी साफ येऊ शकतो. त्याने पुन्हा तेच सुरू केलं तशी मी त्याला सरळ म्हटलं की तू स्वतः डोकं धर आणि वळव. बिचारा वैतागला, पण त्याने केलं. डोळे बघितले. परत एकदा केलं. मग एमआरआयसाठी फोन लावायला गेला. त्या दिवशी मला भेटलेल्या माणसांत शहाणा तेवढाच.

छोट्या मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. सूज वाढली तर डोकं उघडावं लागेल असं म्हणत त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. सूज वाढली नाही. जेठ जगले. घरी आले ते काठी घेऊन आणि डावा हात घेऊन. तो हात आता काहीही उचलायला गेला की थरथरतो. भाताचा भारा बांधता येत नाही, पेल्यातलं पाणी सांडतं.

आणि गावात बातमी झाली की धाकटीने जेठाची मान मोडली.

यात नवल काहीच नाही. खळ्यावर वीस माणसं होती. सगळ्यांनी बघितलं की मी रीत मोडून जेठाचं डोकं धरलं, मानेला दोन हिसके दिले आणि नंतर तो माणूस अर्धा होऊन आला. जाऊबाई तर हाताने करून दाखवायच्या, अशी धरली, अशी मोडली. मी रविवारी गेले की ओट्यांवरचं बोलणं थांबायचं. विहिरीवर कुणी माझ्याशेजारी कळशी ठेवीना. जेठ सगळं ऐकत होते. काठी पायांमध्ये धरून बसायचे आणि एका शब्दाने म्हणायचे नाहीत की असं नाही. मी नवऱ्याशी भांडले, जा, विचार त्यांना, का गप्प आहेत. पोस्टमन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

माघ उजाडला तेव्हा मीच ठरवलं की त्यांचे डोळे पुन्हा बघायचे. डॉक्टर म्हणून बघायचे होते, आणि खरं सांगायचं तर भांडायचंही होतं. दुपारी ते ओटीवर युरियाच्या गोण्यांवर बसले होते. जाऊबाई आत होत्या, नवरा शाळेच्या कामाला गेला होता. निरोप्या नव्हता. मी समोर जाऊन बसले, पदर ओढला नाही, आणि म्हटलं, "बघायचंय मला."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मी डोकं हातात घेतलं तर या वेळी त्यांनी ते ओढलं नाही.  मी म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "मान तू नाय मोडलीस. मला माहीत आहे."

माझे हात तिथेच थांबले. मग हे गावाला का सांगत नाही, असं मी तोंडाशी आणलं होतं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"गाडीत का नाय बसलीस?"

मला हसूच आलं, रागाचं. मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात. मी पाय आत ठेवला होता."

"मला चकर आली होती," ते म्हणाले. "तुला नव्हती आली."

त्यांचा डावा हात काठीकडे गेला आणि थरथरायला लागला. चारोटीचा दीड तास, करपलेल्या भाकऱ्या, न केलेला फोन, मरा म्हटलेलं, सगळं त्या हाताकडे बघताना माझ्यापुढे उभं राहिलं. ते इंजेक्शन वेळेत पोचूनही कदाचित मिळालं नसतं, सीटी नॉर्मल होता, तो पोरगा ॲसिडिटी म्हणत होता. हे सगळं मला सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी सांगितलं नाही.

मी डोकं नीट धरलं आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा."

त्यांनी नाकाकडे बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिले, आणि मलाच मान खाली घालावी लागली.